नकाराचा सराव: भांडुपच्या आठवीच्या दोन वर्गांतल्या नोंदी

भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावर वस्ती आणि तिच्या पायथ्याशी पालिकेची शाळा. आठवीचे दोन वर्ग आहेत, अ मध्ये ३९ मुलं आणि ब मध्ये ४१. अ ची तासिका सोमवारी, ब ची बुधवारी. वर्ग घेणारे आम्ही दोघं, शिवाय प्रत्येक वर्गाच्या वर्गशिक्षिका. काम एकच: कुणी मावा (सुपारी-तंबाखूचा), सिगारेट, बिअर किंवा हुंगायचं पंक्चरचं सोल्यूशन पुढे केलं तर त्या क्षणी काय बोलायचं, कसं निघायचं, याचा मुलांकडून सराव करून घेणं. तासिका ३५ मिनिटांची असली तरी हजेरी आणि बाकांची हलवाहलव होऊन हाती २७ मिनिटं उरतात. पुढचं सगळं नियोजन २७ मिनिटं धरूनच करावं.

२६ जून २०२४, बुधवार

अमली पदार्थविरोधी दिन. सभागृहात पाचवी ते दहावी एकत्र. स्पीकर भाड्याने आणला, १,५०० रुपये गेले. व्यसनातून बाहेर आलेल्या एका तरुणाचं ४० मिनिटांचं मनोगत झालं. तो मनापासून बोलला आणि मुलं चिडीचूप बसून ऐकत होती. कार्यक्रम छान झाला असं सगळ्यांना वाटलं.

चूक कळली ती प्रश्नोत्तरांत. पहिले तीन प्रश्न असे: "किती वेळ टिकते?" "पैसे कुठून आणायचात?" "पोलिसांनी पकडलं नाही का?" त्या भाषणातून मुलांनी उचललं ते साहस, आणि शेवटी माणूस सुखरूप बाहेर येतो हा दिलासा. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून काढलेल्या प्रतिबंधाच्या मानकांत (दुसरी आवृत्ती २०१८) हेच बजावलेलं आहे: नुसती माहिती, भीती घालणं आणि माजी व्यसनींची मनोगतं यांनी फरक पडत नाही, कधी कधी उलटाच परिणाम होतो. हे आधी वाचलेलं असूनही शाळेच्या आग्रहाला आम्ही होकार दिला. असा कार्यक्रम करायचाच असेल तर पालकांसाठी करावा.

२८ जून

वर्गशिक्षिकांसोबत बसून दहा तासिका आखल्या. सुरुवात कशापासून करायची यावर बराच वेळ गेला. बातम्यांत एमडी (मेफेड्रोन हा रासायनिक अमली पदार्थ) असतं, त्यामुळे मोठ्यांना आधी एमडीवर बोलावंसं वाटतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासमोर पहिल्यांदा येतं ते मावा, गुटखा, घरातली मिश्री (दातांना लावायची भाजलेली तंबाखू), कोपऱ्यावरची सुट्टी सिगारेट आणि पंक्चरचं सोल्यूशन किंवा व्हाइटनर. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी म्हटली की काय ते मुलांना बरोबर कळतं. हुंगायच्या पदार्थांबद्दल २०१९ च्या राष्ट्रीय अहवालातला एक आकडा शिक्षकांना दाखवला. इतर नशा मोठ्यांमध्ये जास्त आढळतात, पण हुंगण्याचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८ टक्के आहे. तेवढ्यावर क्रम पक्का झाला.

१ जुलै, वर्ग अ

पहिली तासिका चिठ्ठ्यांची. दोन प्रश्न होते. आपल्या वयाच्या १० मुलांपैकी किती जण तंबाखूचं काहीही घेत असतील? आणि गेल्या ३० दिवसांत तू घेतलंस का? नाव लिहायचं नाही.

तासिका वाया गेली. वहीचे कागद फाडून वाटले, त्यामुळे कुणाची वही कुठली ते ओळखू येत होतं. उत्तर शब्दांत लिहायला सांगितलं, म्हणजे अक्षर उघड. त्यावर चिठ्ठ्या गोळा करायला मॉनिटरला पाठवलं आणि त्याने दुसऱ्या बाकापासूनच वाचायला सुरुवात केली. सगळ्या चिठ्ठ्या न उघडता वर्गासमोरच फाडल्या. उशीर झाला होता, पण तेवढं तरी करणं भाग होतं.

३ जुलै, वर्ग ब

दुरुस्ती: झेरॉक्स काढलेल्या एकसारख्या चिठ्ठ्या, लिहायचं काही नाही, आकड्याला गोल आणि चौकटीत खूण. सगळ्यांना एकाच खोक्यातल्या पेन्सिली. बुटांचा खोका चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून वर नोटेएवढी फट पाडली. ज्याला काही खूण करायची नाही त्यानेही घडी घालून टाकायचीच, म्हणजे कोण थांबलं आणि कोण नाही ते दिसत नाही. ३८ हजर, ३८ चिठ्ठ्या.

खोका वर्गात उघडू नये.

८ जुलै

रात्रभरच्या पावसाने मुंबई ठप्प झाली आणि शाळांना सुट्टी दिली गेली. अ ची तासिका गेली.

१० जुलै, वर्ग ब

आणखी एक चूक. नशेच्या पदार्थांची चित्रं आणि नावं असलेला रंगीत तक्ता भिंतीवर लावला होता. मुलं तक्त्याभोवती जमली आणि एकमेकांना सांगू लागली की हे अमुक नाक्यावर मिळतं, ते महाग असतं. ज्यांनी नावंही ऐकली नव्हती त्यांना पंधरा मिनिटांत नावं, रंग आणि ठिकाणं कळली. तक्ता काढला तो कायमचाच.

त्या जागी फळ्यावर दोन रकाने केले: "आज-उद्या काय होतं" आणि "वीस वर्षांनी काय होतं". दुसऱ्या रकान्यातल्या कॅन्सरवर मुलं माना डोलावतात आणि विसरून जातात. पहिल्या रकान्याने मात्र वर्ग जागा झाला: तोंडाचा वास, दातांवरचे डाग, धावताना लागणारी धाप, पहिल्याच वेळी येणारी गरगर आणि ओकारी, दिवसाला दहा रुपये धरले तर महिन्याचे ३००. हा हिशेब मुलांनीच मांडला आणि ३०० रुपयांत काय काय येतं याची यादीही त्यांनीच केली.

मावा म्हणजे "नुसती सुपारी" हा समज दोन्ही वर्गांत पक्का होता. त्यात तंबाखू आणि चुनाही असतो. नुसत्या सुपारीनेसुद्धा गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. हे दाखवायला तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघायला सांगितलं. एका मुलाची दोनच बोटं गेली आणि अख्खा वर्ग त्याच्याकडे बघू लागला. ही तपासणी वर्गात करू नये. दंतवैद्याला शाळेत बोलावून एकेकाला आत घेऊन करावी.

१५ जुलै, वर्ग अ

चिठ्ठ्या नव्या पद्धतीने घेतल्या, ३६ हजर. तक्ता लावला नाही. फळ्यावरचे दोन रकाने झाले. एकही अडचण आली नाही. यापुढे प्रत्येक नवी गोष्ट आधी एका वर्गात करून बघायची आणि सुधारून दुसऱ्या वर्गात न्यायची, असं ठरवलं. दोन वर्ग असतील तर याचा फायदा घ्याच.

१७ जुलै

आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी, सुट्टी.

२२ व २४ जुलै

चिठ्ठ्यांचा निकाल सांगायचा होता. अंदाजाच्या प्रश्नावर बहुतेकांनी ५ किंवा ६ ला गोल केला होता, म्हणजे आपल्या वयाची निम्मी मुलं घेतात असं त्यांना वाटत होतं. स्वतःच्या चौकटीत खूण होती अ मध्ये ३ आणि ब मध्ये ४. "ब मध्ये चार" असं सांगितलं असतं तर पुढचा आठवडा ते चौघं कोण याच्या शोधात गेला असता. म्हणून दोन्ही वर्ग मिळून एकच वाक्य सांगितलं: दहा जणांत एकसुद्धा पूर्ण भरत नाही.

हा आकडा मुलांना खरा वाटला नाही, आणि तेच साहजिक होतं. "मग नाक्यावर तर सगळेच खातात" असं एकजण म्हणाला. त्यावर वाद न घालता विचारलं, नाक्यावर उभे नसलेले कुठे असतात? क्लासला, घरी भावंडं सांभाळत, टर्फवर. घेणारे उभे राहून दिसतात, न घेणारे दिसत नाहीत. हे सापडायला वर्गाला सहा मिनिटं लागली. ती लागू द्यावीत, उत्तर आपण देऊ नये.

असा निकाल वर्गाला सांगण्याआधी स्वतः मोजून घ्या. प्रत्यक्षातला आकडा अंदाजाच्या जवळ आला तर तो जाहीर करण्यात अर्थ नाही, उलट नुकसान आहे.

उरलेल्या वेळात पहिलं नाट्य घेतलं आणि ते साफ फसलं. दोन मुलं देणारे, एक नाकारणारा. देणाऱ्यांच्या हातात सिगारेट म्हणून खडू दिला होता. देणाऱ्यांची भूमिका वर्गातल्या सगळ्यात चलाख मुलांनी पटकावली आणि खडू ओढून धूर सोडायच्या नकला सुरू झाल्या. नाकारणारा ताठ उभा राहून म्हणाला, "नको मित्रा, तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे." वर्ग हसून लोळला. सराव झाला तो देण्याचा, तोही टाळ्यांसकट.

२४ ला ब मध्ये तीन बदल केले. देणाऱ्याची भूमिका कायम आम्हा मोठ्यांपैकी एकाकडे, मुलांकडे कधीच नाही. हातात कुठलीही वस्तू नाही, नुसती रिकामी मूठ पुढे करायची. आणि आग्रह दहाच सेकंद, नंतर देणारा गप्प. वेळ मोबाइलवर लावली.

२९ व ३१ जुलै

वाक्यं आम्ही द्यायची नाहीत, असं ठरवून गेलो. आम्ही लिहून नेलेली बारा वाक्यं पिशवीतच राहिली. त्यातलं एकही मुंबईतला आठवीतला मुलगा आपल्या मित्राला म्हणणार नाही. चौघांचे गट केले आणि विचारलं: जो तुझा खरा दोस्त आहे, ज्याच्याशी उद्याही खेळायचंय, त्याला कसं सांगशील? आलेली वाक्यं अशी:

"नको रे, तू कर तुझं."
"नाय पायजे. चल, बॅटिंग कुणाची?"
"माझं नाय जमत, सोड."
"आई तोंड हुंगते रोज, मरेन मी."
"डॉक्टरने बंद केलंय."

मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावला: हे उद्याही चालेल का? "डॉक्टरने बंद केलंय" एक दिवस चालतं. उद्या तोच मुलगा विचारणार, गोळ्या संपल्या का? बहाण्याने मूठ मागे जाते, पण ती परत येते. आईचं वाक्य टिकतं, कारण आई रोज घरी असते, आणि मुलांच्या जगात आईला घाबरणं हा अपमान नसतो. "तू कर तुझं" सगळ्यात टिकाऊ ठरलं. त्यात उपदेश नाही, कारण नाही, त्यामुळे समोरच्याला वाद घालायला पकडच मिळत नाही.

अवघड जागा पहिल्या नकारात नसते, दुसऱ्या वाक्यात असते. नकार दिला की लगेच येतं "फट्टू", म्हणजे भित्रा. बहुतेक मुलं तिथे मोडतात, कारण फट्टू नाही हे सिद्ध करायचा एकच मार्ग समोर दिसतो. ब मधल्या एका गटाने यावर काढलेला तोडगा आम्हाला सुचला नसता: "हो, फट्टू तर फट्टू. येतोस का खेळायला?" शिक्का मान्य केला की चिडवण्यात मजा उरत नाही. ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी तीनदा म्हटलं. पहिल्यांदा हसत म्हटलं, तिसऱ्यांदा साधं म्हटलं. तीनदा का, तर पहिल्या दोनदा तोंडातून वाक्य निघतं आणि चेहरा वेगळंच सांगत असतो.

शरीराचं एवढंच शिकवलं: बोलण्याआधी पाय वळवा. एक पाऊल जायच्या दिशेला, मग वाक्य, मग दुसरं पाऊल. आधी बोलून मग निघणारी मुलं पुढच्या आग्रहासाठी थांबून राहतात, हे सरावात पुन्हा पुन्हा दिसलं. हात खिशात किंवा दप्तराच्या पट्ट्यावर ठेवा, मोकळ्या हातात वस्तू कोंबली जाते. आवाज नेहमीचा ठेवा. मोठा केला की भांडण होतं, बारीक केला की आग्रह वाढतो.

५ व ७ ऑगस्ट

या दोन तासिकांनी पुढचा सगळा आराखडा बदलला.

तोवर सराव दोघांचा होता, देणारा आणि नाकारणारा. ५ तारखेला अ मध्ये एक मुलगा बाजूला नुसता उभा होता, त्याची पाळी यायची होती. देणाऱ्याने आग्रह सुरू केला आणि हा मध्येच म्हणाला, "अरे नको म्हणाला ना तो. चल रे, सर येतील." नाट्य तिथेच संपलं, कारण देणाऱ्याकडे पुढे बोलायला काही राहिलंच नाही. एकट्याने दहा सेकंद झगडून जे होत नव्हतं ते तिसऱ्याच्या एका वाक्याने झालं.

नाक्यावर खरोखर घडतं ते असंच असतं. देणारा एक, ज्याला द्यायचं तो एक, आणि भोवती तीन-चार जण गप्प उभे. त्यांचं गप्प राहणं त्या एकाला होकारासारखं वाटतं. चिठ्ठ्यांनी दाखवलेलंच इथे दिसतं: त्या तीन-चारांपैकी बहुतेकांना स्वतःलाही नकोच असतं, पण प्रत्येकाला वाटतं की नको वाटणारा मी एकटा.

म्हणून ७ तारखेपासून प्रत्येक नाट्य तिघांचं केलं. तिसऱ्याची कामं तीन: "त्याला नकोय" एवढंच म्हणणं, विषय किंवा जागा बदलणं, आणि नाकारणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभं राहणं. शेवटचं सगळ्यात सोपं. लाजरी मुलंही ते करतात, कारण त्यात बोलायचं नसतं.

यातही दोन गोष्टी बिघडल्या. काही तिसरे भाषण द्यायला लागले, आणि मग तेच चेष्टेचा विषय झाले. म्हणून मर्यादा घातली: पाच शब्दांच्या वर नाही. दुसरं जास्त गंभीर. दोन मुलं देणाऱ्याच्या अंगावर धावून गेली. तिथेच सराव थांबवून नियम सांगितला. देणारा आपल्या वयाचा, ओळखीचा असेल तरच तोंड उघडायचं. मोठा असेल, अनोळखी असेल, विकणारा असेल, तर कुणीही एक शब्द बोलायचा नाही, मित्राचा दंड धरून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. हा नियम पुढे प्रत्येक तासिकेच्या सुरुवातीला म्हणून घेतला. मुलांना विकणाऱ्यांच्या समोर उभं करणं हे आपलं काम नव्हे.

१२ ऑगस्ट वर्ग अ, २१ ऑगस्ट वर्ग ब

(१४ ला स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीची तालीम होती, तासिका मिळाली नाही.)

विषय: "हे पुडकं त्या रिक्षावाल्याला देऊन ये, पाचशे देतो." इथे नकार नशेला नसतो, पैशाला असतो, आणि ज्या घरात पाचशे रुपयांना किंमत आहे तिथल्या मुलाला पैसे वाईट असतात असं सांगणं अन्यायाचं आहे. म्हणून तीन प्रश्न दिले: आत काय आहे ते तो सांगतोय का? तो स्वतः का नेत नाही? दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे का? एकाही प्रश्नाचं धड उत्तर नसेल तर पुडक्याला हात लावायचा नाही. पुडकं हातात घेतल्यावर नकार देणं फार अवघड जातं, म्हणून सराव हात मागे ठेवण्याचाच.

कायदा दोन वाक्यांत सांगितला. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७८ प्रमाणे मुलाला अमली पदार्थ वाहून न्यायला लावणारा मोठा माणूस गुन्हेगार असतो. म्हणून मुलाने घाबरून लपवण्यापेक्षा सांगितलेलं त्याच्याच हिताचं.

तासिकेनंतर ब मधल्या मुली थांबल्या. मुलीला कुणी तपासत नाही म्हणून असलं काम मुलींनाच सांगितलं जातं, असं त्यांचं म्हणणं. शिवाय "माझ्यावर विश्वास नाही का" हे वाक्य त्यांना जास्त ऐकावं लागतं, कधी फोटोसाठी, कधी गच्चीवर येण्यासाठी. मुलींसाठी वेगळा सराव आखायला हवा होता, तो आमच्या आराखड्यात नव्हता. पुढच्या शनिवारी वर्गशिक्षिकांनी तासभर फक्त मुलींचा घेतला. तिथे दिसलं की नकार देताना मुली हसतात. हसू आलं की समोरचा होकार समजतो. त्यामुळे बाकी काही न करता न हसता "नको" म्हणण्याचाच सराव केला, जोडीने, आरशासमोर. अख्खा तास त्यातच गेला आणि तो सत्कारणी लागला.

१७ ऑगस्ट, शनिवार

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने मनाई आहे. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. अंतर शाळेच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचं असतं, गल्लीच्या वळणाने नाही. सुरुवातीला आम्ही गल्लीने मोजलं आणि एक टपरी बाहेर धरली. सरळ रेषेत ती आत येते. ३० मीटरची टेप २५० रुपयांना मिळाली. नकाशा मुलांकडून काढून घ्यायचा बेत होता, तो रद्द केला: टपरीवाला मुलांना ओळखतो आणि ती रोज त्याच्यासमोरून जातात. मोजणं, हद्दीची पिवळी रेषा मारणं आणि तक्रार, सगळं मोठ्यांनी करावं.

२४ आणि ३१ ऑगस्ट

पालकसभा. २४ ला सकाळी ११ वाजता ठेवली, आठ जण आले. ती कामावर असण्याची वेळ. ३१ ला रात्री साडेआठला वस्तीतल्या समाजमंदिरात ठेवली, चहाचे ३०० रुपये झाले, खोली भरली.

भाषण दिलं नाही, दोनच गोष्टी मागितल्या. पहिली: पोराच्या हातून पुडी, सिगारेट, बाटली आणवायची नाही. "काका, पप्पांनी सांगितलंय" या वाक्यावर टपरीवाला मुलाला माल देतो, आणि तेच वाक्य पुढे मुलगा स्वतःसाठी वापरतो. दुसरी: दात दुखतो म्हणून मुलीला मिश्री लावायला द्यायची नाही. हे दुसरं मागताना आवाज जपावा लागतो. मिश्री लावणाऱ्या आज्या समोर बसलेल्या असतात आणि त्यांनी आयुष्यभर सोसलेलं असतं. एका आजींनी उठून सांगितलं, मी सोडणार नाही पण नातीला देणार नाही. त्याच्या पुढे काही मागितलं नाही.

पालकांची सगळ्यात मोठी भीती पोलिसांची निघाली. मुलाला उपचाराला नेलं तर केस होईल, असं वाटून घरं गप्प राहतात. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात (१९८५) कलम ६४अ आहे: स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे सांगितल्यावर तिघं नंतर वेगळे भेटायला आले.

२ व ४ सप्टेंबर

गणपती ७ ला. मंडळात सजावटीच्या रात्री जागरण असतं, मोठी मुलं असतात, घरचं कुणी नसतं. त्याच प्रसंगावर तिघांचं नाट्य घेतलं. मुलांनी स्वतः बेत ठरवले: जोडीने जायचं, जोडीनेच यायचं, आणि फोनवर नुसता एक ठिपका पाठवला की घरून "लगेच ये" असा फोन यायचा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी निघायची वेळ आधी घरी सांगायची.

१८ सप्टेंबर

ईदची सुट्टी १६ वरून १८ ला गेली. ब ची तासिका पुन्हा बुडाली.

२१ सप्टेंबर, फक्त शिक्षकांसाठी

सोल्यूशन हुंगलेल्या अवस्थेत मूल सापडलं तर काय करायचं. ओरडायचं नाही, पाठलाग करायचा नाही, धावायला लावायचं नाही. हुंगल्यावर हृदय बिथरलेलं असतं, दचकून किंवा पळून ठोके बिघडतात आणि जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. शांतपणे मोकळ्या हवेत बसवायचं, फडकं बाजूला करायचं, जवळ काडी पेटवू द्यायची नाही, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून १०८ ला फोन. दप्तर झडती आणि वर्गासमोर उभं करणं, दोन्ही बंद.

मूल आपणहून सांगायला आलं तर पहिलं वाक्य ठरवून घेतलं: "बरं झालं सांगितलंस." त्यानंतर लगेच हेही सांगायचं की तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल, आणि कुणाला ते तुला आधी सांगेन. सगळं गुपित ठेवीन असं वचन देऊ नये, ते मोडावं लागतं. पुढचा रस्ता: पालकांना विश्वासात घेऊन केईएम, नायर किंवा सायन यांपैकी जवळच्या पालिका रुग्णालयातला मानसोपचार विभाग.

२३ व २५ सप्टेंबर

राग, परीक्षेचा ताण, घरातलं भांडण. या तासिका बेताच्या झाल्या. श्वासाचे व्यायाम मुलांना कंटाळवाणे वाटले. "डोकं फिरलं की तू कुणाकडे जातोस?" या एका प्रश्नावर मात्र भरपूर लिहिलं गेलं. सात जणांनी "कुणाकडे नाही" लिहिलं. ही यादी वर्गशिक्षिकांकडे दिली, देणार असल्याचं लिहून घेण्याआधीच वर्गाला सांगितलं होतं. २५ ला संध्याकाळपासून कोसळलेल्या पावसाने २६ ला शाळा बंद.

३० सप्टेंबर

खिशातलं कार्ड: १०९८ मुलांसाठी, १४४४६ व्यसनमुक्तीसाठी, १४४१६ मनाच्या त्रासासाठी, १९३३ अमली पदार्थांची खबर देण्यासाठी (हा जुलैमध्येच सुरू झाला). पहिल्या छपाईत १४४४६ मधला एक ४ गळला. १०० कार्डं, ३५० रुपये, सगळी रद्द, पुन्हा ३५०. छापण्याआधी कच्च्या कागदावरून प्रत्येक नंबर लावून बघा. आम्ही मोबाइलमध्ये साठवलेल्या नंबरवरून लावले आणि कागद तपासलाच नाही.

७ व ९ ऑक्टोबर

शेवटची तपासणी. किती जण "सोडलं" म्हणतात हे मोजलं नाही, समोर उभं राहून विचारल्यावर सगळे हो म्हणतात. प्रत्येक तिघांना न सांगता एक प्रसंग दिला आणि चार गोष्टींवर खूण केली: पाय वळला का, वाक्य स्वतःचं होतं का, "फट्टू" नंतर टिकला का, तिसरा हलला का. पाय आणि वाक्य बहुतेकांना जमलं. "फट्टू" वर अजून बरेच अडखळतात. तिसरा अ मध्ये जवळपास प्रत्येक वेळी हलला, ब मध्ये कमी. ब ला एक तासिका कमी मिळाली आणि तिसऱ्याचा सराव तिथे कमी झाला होता.

हिशेब: झेरॉक्स ९६०, तक्ते-कागद १२०, कार्डं ७००, टेप २५०, चहा ३००, स्पीकर १,५००. एकूण ३,८३० रुपये. स्पीकर आणि पहिली कार्डं वगळली तर १,९८० मध्ये काम होतं. दहा आठवड्यांचं काम पंधरा आठवड्यांत झालं. जुलै ते सप्टेंबर मुंबईत पाऊस आणि सण धरून दर चार तासिकांत एक बुडेल असंच आखा.

१३ व १५ जानेवारी २०२५

उजळणी. तीन महिन्यांत वाक्यं निम्मी विसरली गेली होती, "तू कर तुझं" मात्र सगळ्यांना आठवत होतं. पाय वळवणं पुन्हा शिकवावं लागलं. ब ला राहिलेला तिसऱ्याचा सराव पूर्ण दिला. नववीत जून, सप्टेंबर आणि जानेवारी अशा तीन उजळण्या वेळापत्रकात आत्ताच लिहून घेतल्या, वर्गशिक्षिका बदलल्या तरी राहतील अशा. खोका, चिठ्ठ्यांचा नमुना आणि चार खुणांचा तक्ता नवीन आठवीच्या कपाटात ठेवला. पेन्सिली मोजल्या तर ३१ उरल्या आहेत, जूनच्या आधी दहा आणायच्या.